भैयालालने पारखलेली गिटार

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार. पवनी.
काल दसरा झाला. आज कडक ऊन, म्हणून मनिषच्या खोलीतल्या गाद्या, पुस्तके आणि ती लांब काळी पिशवी अंगणात काढली. मनिषचा बंगलोरहून फोन. "आई, ती गिटार विकून टाक नाहीतर कुणाला देऊन टाक. मी काही न्यायला येत नाही." भैयालाल झिंगे घेऊन आला. पिशवीत काय म्हणून विचारले, दाखवले. झिंगे तोलायचे विसरून गेला. शकुंतलाबाईंकडे सोने द्यायला गेले, त्या घरी नव्हत्या.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. पुढे जे झाले ते एका पानात बसणारे नव्हते, म्हणून हे वेगळे लिहिते आहे.

भैयालाल आमच्या आळीत मासोळी विकतो. पन्नाशी उलटलेला, उंच, डोक्यावर केस नाहीत, आणि बोटे अशी जाड की झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, निवडताना बघणाऱ्याला नवल वाटावे. त्याचे मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले. आता तो पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो, ज्या पाण्याने गाव नेले त्याच पाण्यात डोंगा, म्हणजे आपली छोटी होडी, घालतो आणि सकाळी मासोळी घेऊन पवनीला येतो. माझे यजमान त्याच धरणाच्या कचेरीत नोकरीला होते. भैयालालला हे ठाऊक आहे. त्याने तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. झिंगे ताजे आहेत की कालचे, एवढेच आमचे बोलणे असे.

त्याला वाजवता येते हे मला त्या रविवारपर्यंत माहीत नव्हते.

पिशवीची चेन उघडली तेव्हा तो टोपली खाली ठेवून उकिडवा बसला होता. आत बघताच उभा राहिला. "बाई, हा तं बेस हाये न जी!"

"मनिष कॉलेजात असताना घेतली होती. मला गिटार एवढेच माहीत."

"चार तारा हायेत. चार तारा म्हंजे बेस. हात लावू का?" मी हो म्हणायच्या आधी तो नळाकडे गेला, साबण मागितला, हाताला मासोळीचा वास राहू नये म्हणून दोनदा हात धुतले आणि लुंगीला न पुसता उन्हात धरून वाळवले.

त्याने ती वाजवली नाही. डोळ्यापाशी आडवी धरून तिच्या मानेवरून नजर लावली, वल्हे वाकडे आहे का ते बघतात तशी. मग मानेवरचा एकेक पडदा, म्हणजे ती धातूची आडवी पट्टी, अंगठ्याने चाचपला. "मान सरळ हाये. तारा मेल्या हायेत. विकाचा हाये का?"

त्याची सगळी हकिकत मग तिथेच ओट्यावर कळली. गाव उठले तेव्हा तो ऐन तरुण होता. कामासाठी नागपूरला गेला, लग्नातल्या एका ऑर्केस्ट्रात स्पीकर उचलायच्या कामावर लागला. तिथला बेसवाला पिणारा होता. "तो पडला का शेट बोंबलाचा, आता कोण वाजवन? मी म्हनलं, मी वाजवतो. रोज पाहूनच राहिलो होतो न. पहिल्या दिवशी पार चुकलो. कोणाले समजलं नाही. तवा समजलं, का बेस चुकला तं लोकायले नाही समजत, पण नाचणाऱ्याचे पाय बरोबर चुकतात." आईच्या आजारपणात तो परत आला आणि तेव्हापासून पवनीच्या गोपीचंद शेटच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. गोपीचंदचे बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, स्पीकर, आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे खेड्यांतल्या जत्रा, सुरू झाली की गावोगाव ऑर्केस्ट्रा. भाऊबीजेपासून बैलांच्या शर्यतींचे शंकरपट संपेपर्यंत भैयालाल रात्री-दुपारी तिकडे, एरवी पाण्यात. ऑर्केस्ट्राची बेस गिटार गोपीचंदच्याच मालकीची होती. गेल्या हंगामात गाडीतून उतरवताना स्पीकर तिच्यावर पडला आणि मान तुटली. उरलेले कार्यक्रम भैयालालने टाळ्या वाजवण्यात काढले.

"शेट दुसरा घेतो म्हणते. पण नवा नाही घेत. जुना पाहून राहिला. मी सांगू का त्याले?"

"सांग," मी म्हटले.

दोन दिवसांनी तो संध्याकाळी आला. हातात मासोळी नव्हती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. "शेटनं सांगतलं, जाय, वाजवून पाहा, चांगला वाजते का नाही ते नीट पाहा. बरा असन तं घेऊन टाकू."

मनिषचा छोटा अँप्लिफायर माळ्यावर होता. तो काढला, वायर लावली. भैयालालने गिटारीवरचे बटण फिरवले तर चुलीत ओले लाकूड पडावे तसा चरचराट झाला. ते बटण त्याने बरेच मागेपुढे फिरवले, चरचर थोडी कमी झाली. मग त्याने सगळ्यात जाड तार छेडली.

मी शाळेत सिस्टरांकडे पियानो शिकले आहे, तेव्हा खालचे सूर मला अपरिचित नव्हते. पण हा सूर कानाने ऐकू येण्याआधी पायांना कळला. शोकेसमधल्या बशा एकमेकींना लागून किणकिणल्या. यजमानांची तसबीर भिंतीवर थरथरली. भैयालाल खुर्चीच्या कडेवर बसून डोळे मिटून चारच सूर पुन्हा पुन्हा वाजवत होता. गाणे कोणते ते मला ओळखता आले नाही, पण त्यावर कोणीतरी गात असल्यासारखी मधली जागा त्याने मोकळी सोडली होती.

शेजारच्या शकुंतलाबाई पदर खोचत धावत आल्या. "काहून वो काकू, भूकंप आला का? माया पोटात गुडगुड करून राहिलं!"

"भैयालाल वाजवतोय."

"आपला मासोळीवाला भैयालाल?" त्या दारातच थबकल्या. "अरे बाप्पा! मंग मासोळी कोण विकन रे? ह्या बाज्याले झिंगे भाळतात का?"

"भाळतात न जी. जाळ्याची गरजच नाही. तुमी फक्त टोपली घेऊन या," तो म्हणाला. आणि हसला. त्याला इतके हसताना मी पहिल्यांदा पाहिले. शकुंतलाबाई त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत बसल्या, पोटात गुडगुड होत असूनही.

तो एका बैठकीत हो म्हणणारा नव्हता. पुन्हा आला तेव्हा म्हणाला, तारा मेल्या आहेत की बाजाच मेला आहे ते समजत नाही, तारा उकळून पाहाव्या लागतील. मला वाटले चेष्टा करतो आहे. पण त्याने चारही तारा सोडल्या, वेटोळी केली, आणि माझ्या स्वयंपाकघरात गॅसवर पातेल्यात पाणी ठेवून शेवया शिजवाव्यात तशा त्या उकळल्या. पाण्यावर काळपट तवंग आला. मनिषच्या बोटांचा मळ, एवढ्या वर्षांचा. तारा फडक्याने पुसून वाळवून पुन्हा चढवल्या, आणि खरेच, आवाज उजळला होता. वर मानेजवळ एका पडद्यावर मात्र तार चिरचिरत होती. तेही त्याने शोधून काढले आणि मला दाखवले. "हा पडदा उचलला हाये थोडासा. मी घासून बसवीन. पण शेटले सांगतो, लपवाचं नाही."

चहा पिता पिता मी विचारले, "इतके बघतोस, जणू तुझी मुलगीच द्यायची आहे."

"पाहा लागते जी. आमच्यात डोंगा घ्याचा असला तं बाप पोरासाठी नाही पाहात. ज्याले चालवाचा हाये त्यानंच बसाचं, पाण्यात घालाचा, वल्हं मारून पाहाचं. एकाच्या वजनाचा डोंगा दुसऱ्याले नाही साधत. अन् बसून, फिरवून, बरा हाये म्हनलं, का डोंगा त्याचा. पैसे कोणी का देईना, बापानं, भावानं, सावकारानं. पाण्यात पाहून 'बरा हाये' म्हनल्यावर मंग दुसरा कोणी त्यात बसत नाही." मग कपातला शेवटचा घोट पिऊन त्याने सहज सांगितले, "माया डोंगा मी छोटूले देऊन टाकला. परवा त्यानं पाण्यात घातला, बरा हाये म्हनला."

छोटू हा त्याचा धाकटा भाऊ. नावालाच छोटू, चाळिशी गाठलेला, मुलाबाळांचा धनी, दुसऱ्याच्या डोंग्यावर मजुरीने जाणारा.

"कायमचा दिलास?"

"त्याच्याजवळ नाही. अन् मी आता मंडईत. हंगाम संपला का शेट लग्नाचे ऑर्डर घेते. हातात असा बाजा असला तं बाराही महिने काम हाये."

मी त्याचा कप पुन्हा भरला. गिटार त्याची होणार हे मीही धरूनच चालले होते.

शनिवारी गोपीचंद शेट स्वतः आला. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. सोफ्यावर बसला आणि गिटारीकडे न बघताच बोलायला लागला. "मॅडम, भैयालालनं सांगतलं सारं. बटण चरचर करते, पडदा उचलला हाये. जुनीच वस्तू झाली न. मंग भावाचं पाहा थोडं." भैयालालने प्रामाणिकपणे शोधलेल्या दोन्ही खोडी त्याने माझ्यासमोर बोट दुमडून मांडल्या. मला घासाघीस जमत नाही, शिवाय ती कोणाच्या हातात जाणार याचे मला समाधान होते. तो म्हणेल त्याला मी हो म्हटले. "परवा पोट्ट्याले पाठवतो न्याले," म्हणून तो गेला.

सोमवारी सकाळी मोटारसायकलवर गोलू आला. गोपीचंदच्या बहिणीचा मुलगा. विशीतला, केसांना तांबूस रंग, गळ्यात चकाकणारी साखळी. "आजी, गिटार द्या. मामानं पाठवलं." मी पिशवी आणायला आत गेले. बाहेर आले तर भैयालाल फाटकाशी उभा होता. खांद्याला टोपली, हातात एक पट्टा. गिटार गळ्यात अडकवायचा पट्टा मनिषकडून केव्हाच हरवला होता. भैयालालने जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोरीचा नवा विणून आणला होता. घट्ट, दुहेरी, कडांना गाठी.

"काय रे गोलू, शेटनं तुले पाठवलं? चाल, मी येतो संगं. मोटारसायकलवर मान आपटन," तो म्हणाला.

"तुमी काहून येता काका? मी धरून नेतो न." गोलूने पट्टा बघितला आणि दोन बोटांत उचलला. "हे काय हो? स्टेजवर झिंगे पकडाचे हायेत का मले?"

"तुले कायले? मले लागते ते."

"गिटार तं मी वाजवून राहिलो न काका. मामानं तुमाले नाही सांगतलं?"

भैयालाल माझ्याकडे बघू लागला. मी घरात जाऊन फोन आणला आणि गोपीचंदला लावला. मला कमी ऐकू येते म्हणून माझा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. त्या दिवशी तो तसा नसता तर बरे झाले असते.

"शेट, ही गिटार भैयालालसाठी होती ना?"

"कोण म्हणते मॅडम?"

"त्यानेच दोनदा येऊन वाजवून पाहिली."

"मंग? पारखाले जाणता माणूस लागतेच न. बैल घ्याले जातो तवा आमी श्यामरावले संगं नेतो. दात तो पाहाते, शेपटी तो पिरगाळते. मंग बैल का श्यामरावच्या कोठ्यात बांधतो का?"

गोलू फस्सकन हसला.

"पण गोलूला वाजवता येते का?"

"आजकाल वाजवा लागते कुठं मॅडम? लॅपटॉपमंदी सारं भरलं राह्यते, बेस, ढोलक, बासरी सारं. बटण दाबलं का चालू. पण स्टेज खाली दिसाले नाही पायजे न. चार पोट्टे गिटार घेऊन उड्या मारताना दिसले पायजे. लोकं मोबाईल धरून बसते. टकल्या माणसाचा व्हिडिओ कोण काढते?"

"अहो, मग तारा, पडदे, ते सगळे त्याच्याकडून कशाला पाहून घेतले?"

"वस्तू घ्याची तं ठोकून-वाजवूनच घ्याची. उद्या विकाची पाळी आली तं?" मग आवाज मवाळ झाला. "भैयालाल तिथं हाये का? त्याले सांगा, घाबरू नको म्हणा. बिछायतीत खुर्च्या मांडाले माणूस पायजेच हाये. आपला माणूस हाये तो."

फोन बंद केला. मी गोलूला म्हटले, "जा. शेटना सांग, मी गिटार देत नाही."

"आजी, पैसे घेतले न तुमी," गोलू म्हणाला. उद्धटपणे नाही, खरे म्हणजे जरा गोंधळूनच. पैसे घेतले होते. शनिवारीच.

"देऊन टाका बाई," भैयालाल म्हणाला. "सौदा झाला. शब्द मोडू नका." पट्टा त्याने घडी घालून टोपलीत मासोळीवरच्या ओल्या फडक्याखाली सरकवला. गोलूने पिशवी मोटारसायकलवर आडवी टाकली तेव्हा तो पुढे झाला. "अशी नको. उभी घे, पाठीले लाव. अन् कारेक्रम झाला का तारा ढिल्या करत जाजो, नाहीतं मान वाकते." गोलूने मान हलवली आणि गाडीला किक मारली. भैयालाल मग नेहमीसारखा ओट्यासमोर बसला आणि विचारले, "बाई, मरळ हाये आज. देऊ का?"

दिवाळीच्या आधी त्याची बायको रुखमिणी डोक्यावर टोपली घेऊन आली. मी तिला विचारायच्या आत तिने सुरुवात केली. "छोटूच्या डोंग्यावर मजुरीले जाऊन राहिला तुमचा बाजेवाला. सोताच्या डोंग्यावर मजूर! मी म्हनलं, भावाजवळून परत मांगा. तं म्हणते, त्यानं पाण्यात घातला, बरा हाये म्हनला, आता मले त्यात पाय ठेवता येत नाही मालक म्हणून. छोटू बी तसाच. म्हणते, भाऊ, मी कुठं मांगतला होता?" तिने ताजव्यात झिंगे आपटले. "मी म्हनलं, हे तुमचे नेम साऱ्या दुनियेतून तुमच्याच बोडख्यावर काहून? शेटच्या बोडख्यावर काहून नाही? सांगा न बाई, तुमी शिकल्या-सवरल्या."

मी झिंगे घेतले.

भाऊबीज झाली. पुढल्या रविवारी शेजारच्या गावी मंडई होती. शकुंतलाबाईंचे माहेर तिथले, त्या मला ऑटोत घालून घेऊन गेल्या. दुपारचे ऊन, धूळ, जिलेबीच्या कढया, पाळणे. एका बाजूला जुने लोक दंडारीचे लोकनाट्य बघत होते, दुसऱ्या बाजूला गोपीचंदचे स्टेज होते आणि सगळी गर्दी तिकडे. आम्हाला बायकांच्या रांगेत पुढेच खुर्च्या मिळाल्या.

पडद्यामागून गाणे सुरू झाले आणि छातीत धडधड भरली. चार मुली नाचत होत्या. त्यांच्या मागे काळा चष्मा लावून गोलू, गळ्यात मनिषची गिटार, मखमली पट्ट्याने लटकलेली. तो गुडघे वाकवून गोल फिरला, तेव्हा गिटारीची खालची कड मला नीट दिसली. तिथे वायर खोचायचे भोक असते. त्यात वायर नव्हती. जवळपासही नव्हती. पोरे शिट्ट्या मारत होती, मोबाईल वर धरून उभी होती. गोपीचंद म्हणाला होता ते खरे होते.

"आवाज तं चांगला आहे न वो," शकुंतलाबाई माझ्या कानाशी ओरडल्या. "तुमच्या मनिषची वस्तू कामी आली."

रांगेच्या टोकाला भैयालाल उभा होता. अंगात बिछायत केंद्राचा पिवळा शर्ट, हातांत एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नवीन माणसे आली की तो खुर्च्या सोडवून देत होता. मला बघून जवळ आला, माझी खुर्ची हलते का ते दाबून पाहिले आणि ती बदलून दुसरी दिली.

"वायर लावलेली नाही," मी म्हटले.

"हो जी." त्याची नजर स्टेजवर होती. "जाडी तार पार उतरून गेली हाये. लोंबून राहिली, पाहा. घरी त्यानं खुंटी उलटी फिरवली असन."

"मग सांग ना त्याला."

"काहून सांगू बाई? कोणाले ऐकाची हाये?"

गोपीचंदने माईकवरून हाक मारली, "ए भैयालाल, इकडं पाहुण्यायले खुर्च्या दे रे!" आणि तो खुर्च्यांचा ढीग छातीशी धरून तिकडे गेला. नाचणाऱ्या मुलींचे पाय तालात अचूक पडत होते.

गाणे संपायच्या आत मी शकुंतलाबाईंना उठवले. ऑटोत त्या विचारत राहिल्या, डोके दुखते का, ऊन लागले का. मी हो म्हटले.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. मंडईला जाऊन आले. घरी येऊन पाण्याची मोटर चालू केली, डोळ्यांपुढे ती लोंबणारी तार होती, आणि बंद करायचे राहिले. टाकी भरून पाणी मागच्या अंगणात वाहिले.